फोमबोर्ड वाकला, मावळे पांढरे पडले: दुसरा हात मारण्याआधी हे तपासा

गणेश चवथीच्या आधीचे दहा-बारा दिवस माझा फोन माझा राहत नाही. भाचे, भाच्यांचे मित्र, शेजारची काकी, काकीच्या माहेरचं कोणीतरी. विषय दोनच. एक तर फोमबोर्डचा देखावा वाकलेला असतो, नाहीतर त्यावर उभे करायचे मावळे पांढरे पडलेले असतात. दिवाळीत किल्ल्याच्या वेळी तीच रड पुन्हा. (नरकासुराचा पुतळा करणारे सुखी. त्यांचा वाकला काय नि फुगला काय, पहाटे जाळायचाच असतो.) मी गोव्यात फोंड्याच्या बाजूला राहतो, घरगुती देखावे करतो, त्यातल्या अडीच ते पाच सेंटिमीटरच्या बाहुल्या रंगवतो. हा बिघाड इतक्या वेळा निस्तरलाय की आता फोटो बघायच्या आधीच विचारतो, "कुठे ठेवला होतास?"

लक्षणं

• तळाचा बोर्ड रात्री सपाट होता, सकाळी चारही कोपरे वर. टेबलावर ठेवला तर कोपऱ्याखाली बोट जातं.
• बोर्डाचा वरचा कागद मधेच फुगलाय, दाबला की आत पोकळ लागतो.
• भिंतींचे जोड उघडतात, आत फेविकॉल अजून दुधासारखा पांढरा.
• वाळू लावलेला भाग कायम गडद आणि गार, वाळतच नाही.
• स्प्रे मारलेल्या जागी खड्डे, वाळवीने खाल्ल्यासारखे.
• मावळ्यांवर पांढरी धुरी, विशेषतः वॉर्निश मारल्यावर.
• रंग वाळलाय असं वाटतं, पण बोटाला चिकटतो. डब्यात ठेवलेले दोन मावळे एकमेकांना सोडत नाहीत.
• नखाने ओरखडलं की रंगाची साल निघते.

यातलं काहीही दिसलं की माणसाचा हात आपोआप ब्रशकडे जातो. वरून आणखी एक हात मारू, झाकेल. तसं करू नका. यातल्या बहुतेक तक्रारी ओलीच्या असतात, आणि नवा हात म्हणजे नवं पाणी, वर आतली ओल कोंडणारं झाकण. ओल कुठल्या बाजूने आली हे कळेपर्यंत डब्याचं झाकण उघडायचं नाही.

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. माझ्या खोलीतलं आर्द्रतामापक जुलैत ८५ टक्क्यांच्या खाली क्वचित येतं. चवथ कधी येते यावरही बरंच अवलंबून असतं. २०२३ साली ती १९ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला. तेवीस दिवसांचा फरक, आणि रंग वाळवायला मिळणाऱ्या उन्हाच्या तिरिपी त्या मानाने कितीतरी कमी. लवकरच्या चवथीला फोन जास्त येतात.

आधी जागा बघा, याला पैसे लागत नाहीत

जुन्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, घरांत भिंत पावसाळाभर ओल ओढत असते. चिरा सच्छिद्र, त्यावरचा गिलावाही तसाच. देखावा अशा भिंतीला टेकवून ठेवला की बोर्डाची मागची बाजू पाणी पिते, पुढची कोरडी राहते, आणि बोर्ड वाकतो. रंगाचा यात काही संबंध नाही.

तपासायची रीत सोपी आहे. प्लास्टिकची जाड पिशवी कापून हातभर तुकडा घ्या आणि भिंतीला चारही कडांनी टेप लावून घट्ट चिकटवा. एक दिवस, एक रात्र राहू द्या. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली आहे. टेप गिलाव्याला धरतच नसेल तर उत्तर तिथेच मिळालं.

भिंतीची असेल तर देखावा वीतभर पुढे ओढा. जमिनीवर असेल तर चार बाटल्यांची झाकणं खाली द्या, म्हणजे पोटाखालून वारा खेळेल. आणि पाऊस थांबला की "जरा वारा लागू दे" म्हणून खिडक्या उघडायची आपली सवय सोडा. पावसानंतर आत येतो तो वारा ओलाच असतो. खिडक्या बंद, पंखा चालू, घरात एसी असेल तर त्या खोलीत. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच परत जातात, पुढचं काही करावं लागत नाही.

बाक कुठल्या दिशेचा आहे?

कागदाचा फोमबोर्ड म्हणजे दोन कागदांमध्ये फोमचं सारण. फोम पाणी पीत नाही, कागद पितो. ओला कागद पसरतो, वाळताना आकसतो. एवढं लक्षात ठेवलं की बाक वाचता येतो.

नुकता रंग मारलाय आणि रंगवलेली बाजू पोट काढून वर आली, तर कागद अजून ओला आहे. हात लावू नका. वाळला की तो बराच खाली बसतो.

रंगवलेली बाजू खोलगट झाली आणि कोपरे वर उचलले, तर कारणं दोन असू शकतात. एक, रंग आणि कागद वाळताना आकसले आणि त्यांनी बोर्ड ओढला. दोन, खालच्या कागदाने जमिनीची ओल घेतली आणि तो पसरला. दोन्हीत बाक अगदी सारखाच दिसतो, म्हणून लोक इथे चुकतात. फरक असा ओळखा: बोर्ड उलटा करून, खालची बाजू वर ठेवून, बंद खोलीत पंख्याखाली रात्रभर ठेवा. वर काही नाजूक चिकटवलेलं असेल तर उभा टेकवा. सकाळी आपोआप सरळ झाला तर ओल खालची होती. तसाच राहिला तर रंगाने ओढलाय, आणि त्याचा उपाय शेवटी सांगतो.

हा फोमबोर्डच आहे ना?

दुकानात "फोमबोर्ड द्या" म्हटलं की बऱ्याचदा सनबोर्ड मिळतो. पाट्या करणारे वापरतात तो, पीव्हीसीचा. दिसायला दोन्ही पांढरे, दोन्ही पाच मिलिमीटरमध्ये मिळतात. वागणं मात्र अगदी वेगळं. कोपरा नखाने सोलून बघा. कागद निघाला तर फोमबोर्ड, नखाला नुसताच चरा पडला तर सनबोर्ड.

फरक पडतो तो गोंदात आणि स्प्रेत. फेविकॉल पाणी सोडून वाळतो, आणि ते पाणी जायला कागद किंवा लाकूड लागतं. सनबोर्डाच्या दोन पट्ट्यांमध्ये ते अडकून बसतं, म्हणून जोड आठवड्यानेही दुधाळ दिसतो. सनबोर्डाला फेविक्विक चालतं. तेच फेविक्विक फोमबोर्डाच्या उघड्या कडेला लावलं तर आतला फोम खातं, कारण तो थर्मोकोलच्याच जातीचा. रबरी सोल्यूशन, थिनर, कॅनचा स्प्रे, सगळ्यांची हीच तऱ्हा.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. एका चवथीला नार्वेच्या सप्तकोटेश्वराचं देऊळ केलं होतं, शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये ज्याचा जीर्णोद्धार केला ते. पुढचा दीपस्तंभ फोमबोर्डाच्या चकत्या एकावर एक रचून केलेला, कडा उघड्याच. रात्री उशिरा घाईत कॅनचा पांढरा स्प्रे मारला नि झोपलो. सकाळी दीपस्तंभाला कंबर राहिली नव्हती. बाहेरच्या कागदाच्या कडा कडक उभ्या आणि आतला फोम गायब, नुसत्या बांगड्या रचल्यासारखं. भाचा म्हणाला, "मामा, हा सांगाडा नरकासुराला द्या." तेव्हापासून स्प्रेच्या आधी सगळ्या उघड्या कडांना फेविकॉल आणि पाण्यातल्या रंगाचं अस्तर दोनदा लावतो, आणि प्रत्येक नवा कॅन आधी कातरणावर मारून बघतो. अर्धा तास जातो, देऊळ राहतं.

वाळू कुठून आणलीत?

ही तपासणी दुसऱ्या कुठल्या गावात कदाचित लागत नसेल, पण आपल्याकडे हीच सगळ्यात जास्त सापडते. देखाव्याच्या जमिनीला पोत हवा म्हणून लोक मिरामारच्या, कळंगुटच्या किनाऱ्यावरून मूठभर वाळू पिशवीत घालून आणतात आणि फेविकॉलवर भुरभुरवतात. दिसते सुरेख. आठवड्याने तो भाग गडद पडतो, महिन्याने त्यावर पांढरी पूड येते, मावळ्यांच्या पायात घातलेल्या टाचण्या गंजतात, आणि गंजाचा तांबूस डाग रंगातून वर येतो.

कारण मीठ. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पावसाळ्यात पाझरते ते याचमुळे. आपली हवा पावसाळाभर ७५ च्या वरच, म्हणजे ती वाळू वाळायची म्हणून वाळणारच नाही. तुम्ही तिच्यावर कितीही पंखा लावा.

ओळखायला जीभ नको, पाणी चालेल. वाळलेल्या कोपऱ्यातली चिमूटभर वाळू खरवडून चमचाभर पाण्यात ढवळा आणि ते पाणी काळ्या प्लास्टिकवर एसीच्या किंवा कोरड्या खोलीत वाळू द्या. पांढरा डाग राहिला तर मीठ आहे. सोबत नुसत्या पाण्याचाही एक थेंब ठेवा, म्हणजे नळाच्या पाण्याचा क्षार कुठला आणि मीठ कुठलं ते कळेल.

लावलेली खारी वाळू रंगाने झाकून बरी होत नाही, हे मी तीनदा करून बघितलंय. ती खरवडून काढायची. नवी वाळू गोड्या पाण्यात चार-पाच वेळा धुवा, दर वेळी पाणी पूर्ण ओतून टाका, मग जुन्या तव्यावर कोरडी होईपर्यंत परता. खरं तर वाळूपेक्षा चिऱ्याची पूड मला जास्त आवडते. चिरे कापतात तिथे पडलेली असते, चहाच्या गाळणीने गाळली की लहान प्रमाणात मुरमाड जमीन हुबेहूब दिसते आणि रंगही आपल्या मातीचाच. तीही परतूनच वापरा. चहाचा चोथा, नारळाचा काथ्या, भुसा, असलं काहीही कच्चं लावलं तर त्यावर बुरशी येते, मग दोष फेविकॉलला.

मावळ्यांची धुरी

पांढरं पडलंय हे सगळे सांगतात, कुठे पडलंय ते कोणी सांगत नाही. दिव्याखाली धरा आणि नीट बघा.

सगळ्या अंगावर सारखी धुरी असेल तर वॉर्निशचा स्प्रे ओल्या हवेत मारलाय. स्प्रेमधला द्राव भर्रकन उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि त्या गारव्यावर हवेतलं पाणी धरतं, गार पाण्याच्या तांब्यावर धरतं तसं. ते थरात अडकतं. यावर माझा उपाय: कोरड्या खोलीत एक दिवस ठेवून ब्रशने पाण्यातलं चकचकीत वॉर्निश पातळ लावायचं. बहुतेक वेळा धुरी विरून खालचा रंग परत दिसतो. चमक नको असेल तर नंतर मॅट, तेही ब्रशने. आधी एकाच मावळ्याच्या पाठीवर करून बघा.

फक्त घड्यांत, पागोट्याच्या वळ्यांत, अंगरख्याच्या चुण्यांत पांढरं साचलं असेल तर मॅट वॉर्निश हलवलं नव्हतं किंवा जाड बसलं. चमक मारणारी बारीक पूड बाटलीच्या तळाशी बसते. दोन मिनिटं घड्याळ लावून हलवायचं, पाच वेळा झटकून नाही. साचलेलं काढता येत नाही, त्या घडीत गडद रंग पुन्हा भरावा लागतो.

पायापाशी, भाल्याच्या जोडापाशीच पांढरं असेल तर ते फेविक्विकच्या वाफेचं. ओल्या हवेत ते जास्त होतं. पुढच्या वेळी टाचणीच्या टोकाने थेंब लावा. आत्तासाठी वर सांगितलेलं चकचकीत वॉर्निश तेवढ्याच जागी लावा.

चिकट मावळा, सोलणारा मावळा

भाला हळूच वाकवून बघा. रबरासारखा वाकून परत आला तर मावळा मऊ प्लास्टिकचा. मऊ पीव्हीसीत ते मऊ राहावं म्हणून तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. त्यावर कॅनचा स्प्रे मारला की ते द्रव्य आणि रंग एकमेकांत मिसळतात आणि तो थर महिनोन्‌महिने चिकट राहतो. उन्हात ठेवून काही होत नाही. असे मावळे भांड्याच्या साबणाने जुन्या टूथब्रशने घासून, वाळवून, थेट पाण्यातल्या ॲक्रिलिकने ब्रशने रंगवा. आधीच चिकट झालेल्यांवर पाण्यातल्या वॉर्निशचे दोन पातळ हात देऊन बघतो. निम्म्यांना लागू पडतं. उरलेल्यांना मी जंगलात, झाडामागे उभं करतो.

कच्च्या चिकणमातीचा मावळा असेल आणि रंगाची पापडी निघत असेल तर आतली माती ओली असताना रंगवलाय. तो गालाला लावा. गार लागला तर ओल आहे. चित्रशाळेत, म्हणजे गणपती घडवतात तिथे, मूर्तीलाही असाच हात लावून बघतात. याहून खात्री हवी तर स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर सकाळ-संध्याकाळ वजन करा. वजन उतरतंय तोवर पाणी जातंय. दोन दिवस आकडा हलला नाही की रंगवायचा, त्याआधी नाही. डिचोलीकडच्या भाजलेल्या मातीला हा त्रास नसतो.

वाळवायची घाई झाली की सगळे हेअर ड्रायर काढतात. मातीच्या मावळ्याला लांबून चालेल, बोर्डाजवळ नेऊ नका. ८० अंशांच्या पुढे थर्मोकोल आकसायला लागतो आणि ड्रायर जवळून सहज तेवढा तापतो.

वाकलेला बोर्ड सरळ करणं

हे सगळ्यात शेवटी, कारण यात दोन दिवस जातात आणि थोडं मोडतं. ओलीचा उगम बंद न करता केलं तर आठवड्याने पुन्हा तेच.

रंगाने ओढलेला बोर्ड असेल तर खालच्या कागदालाही तेवढंच ओढायला लावायचं. वर जे आणि जितके हात दिलेत तेच, तितकेच खाली. वर फेविकॉल आणि वाळूचा थर असेल तर खाली पाणी मिसळलेला फेविकॉल, आणि त्यावर ओल्या फेविकॉलनेच वर्तमानपत्राचा एक कागद. ओलसर असताना बोर्ड सपाट पाटावर उलटा ठेवायचा. वर उभं काही असेल तर कडांखाली सारख्या उंचीचे ठोकळे द्या. वर कोरडी वर्तमानपत्रं आणि वजन. मी पाच किलो तांदळाच्या दोन पिशव्या ठेवतो, त्या बोर्डाच्या आकाराप्रमाणे पसरतात. वर्तमानपत्रं दर तीन-चार तासांनी बदला. प्लास्टिक मात्र घालू नका, पाण्याला जायला वाट हवी.

दोन दिवसांनी वजन काढून एक रात्र मोकळा ठेवा. बोटभर फटीची नखभर झाली तर मी तिथेच समाधान मानतो आणि खाली लाकडाच्या दोन पट्ट्या आडव्या चिकटवतो. त्याहून जास्त उरली तर खालच्या कागदाला पट्टीने समांतर चिरा पाडून, बोर्ड सरळ धरून, त्या फेविकॉलने भरतो. याउपर वाकडा राहिला तर नवा तळ कापा आणि वरची घरं सुरीने सोडवून हलवा. हट्टाने सरळ करताना चिऱ्यांच्या भिंतींना तडे जातात. कागद सोलून, बोथट बॉलपेनाने एकेक चिरा कोरलेली भिंत तडकलेली बघवत नाही.

कुठे थांबायचं

देखाव्यात दिवे किंवा हलती चित्रं फिरवणारी मोटर असेल, बोर्ड ओला झाला असेल, आणि हात लावल्यावर मुंग्या आल्या किंवा घरातला ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडला, तर मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. तो पुन्हा वर करून बघू नका. ओली वायर वाळली की ठीक होईल असं समजू नका. फोमबोर्ड आणि थर्मोकोल दोन्ही पेटतात, समई त्यांच्यापासून हातभर लांब.

प्लास्टिकच्या चाचणीत थेंब भिंतीकडून आले आणि गिलावा हाताने पडत असेल तर ते काम गवंड्याचं. कौलं फुटलीत की जोत्यातून पाणी चढतंय, हे मावळे रंगवणाऱ्याला कळणार नाही.

मूर्तीचा रंग सोलला, हाताला किंवा सोंडेला चीर गेली, तर फेविकॉल-फेविक्विक काही लावू नका. पूजेआधी असेल तर ज्या चित्रशाळेतून आणली त्यांना बोलवा. आमच्याकडे एकदा चवथीच्या आदल्या रात्री दहाला कारागीर येऊन वीस मिनिटांत हात नीट करून गेला. पूजा झाल्यावर असेल तर भटजींना विचारा.

आणि आजोबांच्या पेटीतले जुने, जड, शिशाचे सैनिक सापडले आणि त्यांच्यावर पांढरी भुकटी दिसली, तर ती वर सांगितलेली धुरी समजू नका. शिसं लाकडाच्या, पुठ्ठ्याच्या बंद पेटीत तिथल्या आंबट वाफांनी असं झिजतं, आणि ती भुकटी विषारी असते. ब्रशने झाडायची नाही, फुंकायची नाही, मुलांच्या हातात द्यायची नाही. हातमोजे घालून झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, हात साबणाने धुवा, आणि संग्रहालयातल्या वस्तू जतन करणाऱ्या माणसाला दाखवा. गेल्या दिवाळीत असे सात सैनिक माझ्याकडे रंगवायला आले होते. मी डबा उघडला, बघितला, बंद केला आणि परत दिला.